राखण कुणाची? कर्नाळा पक्षी अभयारण्याची वाटचाल

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की शिरढोण मागे पडते आणि थोड्याच वेळात डोंगरमाथ्यावरचा तो दगडी अंगठा समोर येतो. कर्नाळ्याचा सुळका. गणपतीला गावी निघालेल्या कितीतरी पिढ्यांनी एसटीच्या खिडकीतून तो पाहिला आहे. त्याच्या पायथ्याशी, महामार्गाला लागूनच वनखात्याचे फाटक आहे. फाटकाच्या आत गेलो की गाड्यांचा आवाज हळूहळू झाडीत विरत जातो आणि भृंगराजाची शीळ ऐकू येऊ लागते.

१९६८ साली हे रान पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले पक्षी अभयारण्य. आता ते साठीकडे आले आहे. शाळा, ग्रंथालय किंवा सहकारी सोसायटी साठीला आली की आपण तिची वाटचाल लिहितो. तिच्या संस्थापकांना आठवतो, तिने काय कमावले आणि काय गमावले ते मांडतो. अभयारण्यालाही असाच हिशेब लागतो, कारण तेही एक संस्थाच आहे. तिला हद्द आहे, नियम आहेत, नोकरवर्ग आहे, शेजारी आहेत आणि शेजाऱ्यांशी जुने देणेघेणे आहे. पक्ष्यांच्या याद्या पुष्कळ झाल्या. या लेखात दुसरी गोष्ट सांगायची आहे. या रानाबद्दल निर्णय कुठे बसून घेतले गेले, ते ठिकाण काळाच्या ओघात कुठून कुठे सरकले आणि अजून कुठे पोहोचायचे राहिले आहे, याची ही वाटचाल आहे.

सुळक्याखालचे रान

अभयारण्याच्या आधी इथे किल्ला होता. बोरघाटाकडून पनवेलच्या बंदराकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटेवर कर्नाळ्याची नजर असे, म्हणून निजामशाही, गुजरातचे सुलतान आणि पोर्तुगीज या सगळ्यांनी त्यासाठी झुंज घेतली. पुरंदरच्या तहात १६६५ साली शिवाजी महाराजांनी जे किल्ले मोगलांना दिले त्यांत कर्नाळा होता आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. १८१८ ला तो इंग्रजांकडे गेला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. फडक्यांचा जन्म १८४५ साली पायथ्याजवळच्या शिरढोणचा.

किल्ल्याचे महत्त्व संपले तशी रानाची कहाणी पुढे आली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि कोकणातल्या शेतकऱ्याची मोठी कुचंबणा झाली. इथल्या भातशेतीला राब लागतो. रोप टाकण्याच्या तुकड्यावर उन्हाळ्यात फांद्या, पाला, गवत आणि शेण पसरून ते भाजायचे, मग पावसाच्या तोंडावर बी पेरायचे. हा पाला आणि या फांद्या शेजारच्या डोंगरावरूनच येणार. ऐनाची फांदी कधी छाटावी, किती छाटावी, कुठले झाड सोडून द्यावे, हे गावाला ठाऊक होते. आता त्याच फांदीसाठी शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगलविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ साली आला. तक्रारींची नोंद झाली, पण निर्णयाची किल्ली खात्याकडेच राहिली.

ती किल्ली मागताना या परिसराने रक्त सांडले आहे. कर्नाळ्यापासून पश्चिमेला, उरणच्या बाजूला चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर पंचक्रोशीतले हजारो शेतकरी, कोळी, आगरी आणि कातकरी जंगल सत्याग्रहासाठी जमले. मिठाचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. ज्या गावांना मिठागरे जवळची होती त्यांनी मीठ उचलले, डोंगरकडेच्या गावांनी कोयता उचलला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले आणि मामलेदार जोशीही त्याच गोळीबारात मरण पावले. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. आजही दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला स्मृतिदिन पाळला जातो.

कर्नाळ्याची वाटचाल लिहिताना चिरनेरला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ज्या मुलखात अभयारण्य उभे राहिले, त्या मुलखातल्या लोकांनी अवघ्या अडतीस वर्षांपूर्वी आमच्या रानाबद्दल आम्हाला विचारा, एवढ्यासाठी जीव दिला होता.

१९६८: पहिली हद्द

अभयारण्य जाहीर झाले तेव्हा क्षेत्र होते सुमारे साडेचार चौरस किलोमीटर. पक्ष्यांच्या दृष्टीने जागा अचूक निवडली होती. समुद्रसपाटीजवळून एकदम चढणारा डोंगर, पानगळीचे आणि निमसदाहरित मिश्र रान, ओढ्यांच्या घळी, वर कातळकडे आणि खाली भातखाचरे, अशा थोड्याशा जागेत अनेक प्रकारचे आसरे इथे एकत्र आले आहेत. म्हणूनच दोनशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले. स्वर्गीय नर्तक, मलबारी कर्णा, श्यामा, शीळकरी कस्तूर, हळद्या आणि तुरेवाला सर्पगरुड ही त्यांतली ठळक नावे. सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळे लोंबतात. पावसाळ्यात तिबोटी खंड्या इथे विणीसाठी येतो. मुठीत मावेल एवढा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा करून घरटे घालतो आणि पिल्लांना सापसुरळ्या, खेकडे, बेडूक, कोळी भरवतो. रायगडकरांनी त्याला जिल्ह्याचा पक्षी मानले आहे.

त्या काळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ ला मिळाले. अभयारण्याचा निर्णय मुंबईत झाला आणि तो त्या काळाच्या रीतीला धरूनच होता. सरकारने हद्द आखायची, खात्याने राखायची आणि गावाने पाळायची. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हापासून जगभर हीच रीत चालत आली होती.

पुढच्या बारा वर्षांत निर्णयाचे ठिकाण आणखी लांब गेले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा आला. घटनेच्या ४२व्या दुरुस्तीने वने आणि वन्यजीव हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन इतर कामाला वापरायची तर केंद्राची मान्यता बंधनकारक झाली. कर्नाळ्याच्या एका झाडाचा प्रश्नही आता दिल्लीपर्यंत जाऊ शकत होता.

या केंद्रीकरणाने झालेले भले नाकारणे कृतघ्नपणा होईल. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहू लागली आणि पनवेलभोवतालच्या टेकड्यांना खाणींनी पोखरायला सुरुवात केली. कर्नाळ्याचा डोंगर मात्र शाबूत राहिला. पनवेल-इंदापूर महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले, तेव्हा अभयारण्यातून जाणाऱ्या पट्ट्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या चाळणीतून जावे लागले. कडक कायदा पाठीशी नसता तर आजूबाजूच्या टेकड्यांचे जे झाले तेच कर्नाळ्याचे झाले असते.

पण कायदा हद्द आखतो, रोजची राखण माणसे करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळले की वणवा लागतो. धूर आधी कुणाला दिसतो? वाडीतल्या माणसाला. कुठल्या ओढ्यात पाणी उरले आहे, कुठल्या वाटेने शिकारी चढतात, कोणत्या दरडीत खंड्याचे बोगदे आहेत, हेही त्यालाच माहीत असते. वनरक्षकाच्या एका बीटमध्ये कित्येक हेक्टर रान असते आणि त्याला दोनच पाय असतात. ज्याच्याकडे माहिती आहे त्याला निर्णयात जागा नाही आणि ज्याच्याकडे निर्णय आहे तो दूर आहे, ही पहिल्या पंचवीस वर्षांतली उणीव होती.

समितीचा काळ

बदलाचे वारे बंगालकडून आले. मेदिनीपूर जिल्ह्यातल्या अराबारी इथे वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी १९७२ पासून एक प्रयोग केला. गावकऱ्यांनी सालवन राखायचे आणि उत्पन्नात त्यांना वाटा मिळायचा. उजाड झालेले रान पुन्हा उभे राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लोकसहभागाला मान्यता दिली, १ जून १९९० ला केंद्राने परिपत्रक काढले आणि महाराष्ट्राने मार्च १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचा शासन निर्णय घेतला. पुढे संत तुकाराम वनग्राम योजनेने चांगले काम करणाऱ्या समित्यांना बक्षिसे सुरू केली. २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून संरक्षित क्षेत्रांभोवतालच्या गावांना गॅस, शौचालये, कुंपण आणि रोजगार अशी मदत पोहोचवण्याचे धोरण ठरले.

कर्नाळ्याला येणाऱ्या माणसाला या काळाची खूण फाटकाशीच दिसू लागली. आत नेल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून त्यांची अनामत घ्यायची, परत येताना बाटली दाखवली की पैसे परत. साधी युक्ती, पण तिने रान स्वच्छ ठेवले. हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटा शाळेच्या मुलांनी गजबजू लागल्या. १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचे काम पायथ्याच्या तारा गावात आधीपासूनच चालू होते. आदिवासी आणि शेतकऱ्यांसाठी आरोग्य, शिक्षण, तेलघाणी, साबण अशा ग्रामोद्योगांची जोड त्या संस्थेने दिली. स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख यांनी आयुष्याची कित्येक दशके या कामाला वाहिली आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, ते गेले. अभयारण्याच्या शेजारी पोटापाण्याची दुसरी सोय उभी राहणे, हीसुद्धा रानाची राखणच आहे.

तरीही संयुक्त व्यवस्थापनाला एक मर्यादा होती. समिती शासन निर्णयाने जन्मली होती आणि तिचा सचिव वनखात्याचा माणूस होता. वाडीला काम मिळाले, वाटा मिळाला, पण हक्क मिळाला नाही. दिलेली गोष्ट काढूनही घेता येते.

२००३: वळणाचे वर्ष

कर्नाळ्याच्या वाटचालीत १९६८ नंतरचे सर्वांत महत्त्वाचे वर्ष २००३ आहे. त्या वर्षी अभयारण्य वाढून सुमारे १२ चौरस किलोमीटरचे झाले, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पण त्याच वर्षी आणखी चार घटना घडल्या आणि त्या एकत्र ठेवल्या की काळाची दिशा कळते.

४ फेब्रुवारीला केंद्राने माथेरान पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. कर्नाळ्याच्या ईशान्येला दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगररांगेचा पनवेल तालुक्यातला भागही त्यात आला. अभयारण्याच्या हद्दीबाहेरची, माणसांची वस्ती असलेली जमीनही जपायची आणि त्यासाठी देखरेख समितीत स्थानिकांना बसवायचे, ही कल्पना पनवेलच्या दारात आली. पुढे कर्नाळ्याभोवतीही असे संवेदनशील क्षेत्र आखले गेले.

१ एप्रिलला वन्यजीव कायद्याची दुरुस्ती अमलात आली. तिने कलम ३३-ब घातले. प्रत्येक अभयारण्यासाठी राज्य सरकारने सल्लागार समिती नेमायची. समितीत त्या मतदारसंघाचा आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, मानद वन्यजीव रक्षक, गृह आणि पशुसंवर्धन विभागांचे प्रत्येकी एक प्रतिनिधी आणि सदस्य सचिव म्हणून अभयारण्याचा अधिकारी असावा. अभयारण्य कसे चालवायचे आणि आतल्या-बाहेरच्या लोकांना त्यात कसे घ्यायचे, यावर या समितीने सल्ला द्यायचा. याच दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ ही नवी तरतूद आणली. त्यामुळे खासगी किंवा गावच्या जमिनीवर गावाने स्वेच्छेने राखलेल्या रानालाही कायद्याचे छत्र मिळू शकते.

सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनला पाचवी जागतिक उद्यान परिषद भरली. सीमांपलीकडचे लाभ हे तिचे सूत्र होते. संरक्षित क्षेत्रांची किंमत स्थानिकांनी मोजायची आणि फायदा दूरच्यांनी घ्यायचा, हे यापुढे चालणार नाही, असा सूर तिथून निघाला.

आणि १ ऑक्टोबरला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण स्थापन झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. आपल्या हद्दीत कोणती झाडे, कोणते पक्षी, कोणत्या औषधी आणि त्यांच्याबद्दल कोणाला काय ठाऊक आहे, याची ती वही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या रेट्यामुळे ३१ जानेवारी २०२० ची मुदत पडली आणि देशभर अनेक ठिकाणी या वह्या घाईने भरल्या गेल्या. पण रिकाम्या किंवा अर्ध्या वहीलाही कायद्याचा आधार आहे आणि ती पूर्ण करणे गावाच्या हातात आहे.

जगातली इतर राखण

राखणीचे हे विकेंद्रीकरण आपल्याकडेच चाललेले नाही. निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना आता संरक्षित क्षेत्रांचे चार प्रकारचे कारभार मानते. एक सरकारचा, दुसरा वाटून घेतलेला, तिसरा खासगी आणि चौथा स्थानिक समाजाचा. प्रत्येक देशाने आपल्या मातीप्रमाणे यातला मार्ग काढला आहे.

ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने आली आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले उद्यान झाले. तिथली बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. गावे, शेते, मेंढ्या सगळे उद्यानातच. कारभार पाहणाऱ्या प्राधिकरणात स्थानिक कौन्सिलांचे आणि गावांचे प्रतिनिधी बसतात, सोबत केंद्र सरकारने नेमलेले सदस्यही असतात.

नेपाळने १९८६ मध्ये अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा प्रकल्प एका विश्वस्त संस्थेकडे सोपवला. ७,६२९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातून गावे उठवली गेली नाहीत. गावागावांत संवर्धन समित्या झाल्या आणि गिर्यारोहकांकडून मिळणारे प्रवेशशुल्क त्याच डोंगरात वापरले जाऊ लागले.

ऑस्ट्रेलियाने २६ ऑक्टोबर १९८५ रोजी उलुरूच्या प्रचंड तांबड्या खडकाची मालकी अनांगू आदिवासींना परत केली. त्यांनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यानासाठी दिली आणि उद्यानाच्या मंडळात बहुमत त्यांचे राहिले. तो खडक त्यांना पवित्र आहे, त्यावर चढू नये असे ते सांगत होते. अखेर मंडळाच्या निर्णयाने २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. पर्यटनाचा महसूल मोठा होता, तरी ज्यांचे दैवत त्यांचा शब्द अखेरचा ठरला.

नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून सामूहिक जमिनीवरच्या गावांना वन्यजीवांचा कारभार आणि त्यातून येणारे उत्पन्न दिले. १९९८ मध्ये पहिली चार क्षेत्रे नोंदली गेली. आज ती ८० हून अधिक असून देशाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर पसरली आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जगाने २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र जपण्याचे ध्येय ठरवले आणि त्यातच आदिवासी व स्थानिक समाजांच्या हक्कांचा आदर लिहून ठेवला.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कुठेही सरकार बाजूला झालेले नाही. ब्रिटनमध्ये नेमलेले सदस्य आहेत, उलुरूला भाडेपट्टा आहे, नेपाळला विश्वस्त संस्था आहे. कायद्याची चौकट आणि गावाचा शब्द, दोन्ही एकाच टेबलावर आहेत.

ग्रामसभेचा हक्क

आपल्या देशात तो शब्द हक्काचा झाला २००६ च्या वनहक्क कायद्याने. ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला. कलम ३ मध्ये गावाला आपले सामूहिक वनक्षेत्र राखण्याचा, वाढवण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क दिला आहे. कलम ५ मध्ये वन्यजीव, वन आणि जैवविविधता जपण्याचे अधिकार व जबाबदारी ग्रामसभेवर आहे. हा कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. चिरनेरच्या डोंगरावरून जी किल्ली मागितली गेली, ती कागदावर का होईना, गावाच्या हाती आली.

तिचा उपयोग कसा करायचा हे महाराष्ट्रानेच देशाला दाखवले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, सहमतीने निर्णय घेतले आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याच वर्षी कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींना व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक वनहक्क मिळाले. अभयारण्य आणि हक्क एकत्र नांदू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

रायगडची अडचण थोडी वेगळी आहे. जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे बळ इथल्या कातकरीवाड्यांना आणि ठाकूरवाड्यांना मिळत नाही. मोठ्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत डोंगरावरची वाडी अल्पसंख्य ठरते. तिचा विषय शेवटी येतो आणि तोवर वेळ संपलेली असते. २०१२ च्या सुधारित वनहक्क नियमांनी पाडे आणि वस्त्या शोधून त्यांची यादी करण्याची पद्धत घालून दिली ती याचसाठी. वाडीची ग्रामसभा वाडीतच भरली पाहिजे, हे विकेंद्रीकरणाचे शेवटचे पाऊल आहे.

जूनच्या सुरुवातीला पनवेलच्या बाजारात कातकरी बायका शेवळे, भारंगी, टाकळा घेऊन बसतात. त्याआधी करवंदे आणि जांभळे आलेली असतात. आपण भाव करतो, जुडी घेतो आणि घरी जातो. ती जुडी कुठल्या ओढ्याकाठून आली, किती कंद मागे ठेवून आली, हे त्या बाईला नेमके ठाऊक असते. जैवविविधतेच्या नोंदवहीत पहिले पान तिचे असायला हवे आणि सल्लागार समितीत पंचायत राज संस्थांच्या तीन जागा आहेत त्यांत तिच्या वाडीचा आवाज पोहोचायला हवा.

आज, आणि पुढे

आज कर्नाळा ठाण्याच्या वन्यजीव विभागाच्या अखत्यारीत आहे. शेजारी बदलले आहेत. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत फार्महाउस, गृहसंकुले आणि गोदामे येऊन ठेपली आहेत. जमिनीला कधी नव्हता एवढा भाव आहे.

म्हणूनच विकेंद्रीकरणाबद्दल भाबडे राहून चालणार नाही. निर्णय गावात आला म्हणजे तो आपोआप रानाच्या बाजूचा होतो असे नाही. जमिनीचा दलालही गावातलाच असतो आणि ग्रामसभेची कोरम नसलेली बैठक त्याच्या सोयीची असते. दिल्लीतला कडक कायदा जसा हवा, तशी वाडीतली जागी ग्रामसभा हवी. एकाने दुसऱ्याची पोकळी भरून काढायची. तिबोटी खंड्याला अभयारण्याची हद्द माहीत नाही. त्याला ओढ्याची मऊ दरड हवी, मग ती फाटकाच्या आत असो की शेताच्या बांधावर. आतली दरड वनरक्षक राखील, बांधावरची दरड फक्त शेतकरीच राखू शकतो.

या संस्थेची साठी साजरी करायची तर मोठा समारंभ नको. कर्नाळ्याभोवतीच्या गावांनी आणि पनवेल महापालिकेच्या नागरिकांनी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या जैवविविधता समितीची नोंदवही मागून वाचावी आणि तीत काय राहिले आहे ते सांगावे. कलम ३३-ब खालच्या सल्लागार समितीच्या बैठका कधी होतात आणि तिथे पंचायत राज संस्थांच्या तीन जागांवर कोण बसते, ते विचारावे. आणि गावकऱ्यांनी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कर्नाळ्याच्या रानाचा विषय विषयपत्रिकेवर पहिल्या पाचांत ठेवायला लावावा.

चिरनेरच्या आठ हुतात्म्यांनी आम्हाला विचारा एवढेच मागितले होते. आता विचारण्याची तरतूद कायद्यात आहे. उत्तर द्यायला आपण ग्रामसभेत हजर राहिले पाहिजे.